सालामांकाची संध्याकाळ

शिरपूरच्या बाजारपेठेत जैन घरांची संध्याकाळ जेवणानंतर सुरू होते. साडेपाच वाजले की गादीवरचा थोरला माणूस मुनिमाकडे एक नजर टाकून उठतो, घरी जातो, मुगाची खिचडी-कढी किंवा भाकरी-वरण असे साधे जेवण उरकून पाणी पितो आणि पुन्हा दुकानी येतो. घरातील स्त्रिया स्वयंपाकघर आवरून प्रतिक्रमणासाठी स्थानकाकडे निघतात. बाजारात दिवे लागतात तेव्हा या घरांच्या चुली विझलेल्या असतात. पुढचे दोन-तीन तास खाण्याचे नसतात. ते हिशेबाचे, ओट्यावरच्या गप्पांचे, आल्या-गेल्याच्या विचारपुशीचे असतात. ज्या समाजात जेवण हा संध्याकाळचा शेवट मानला जातो, तिथे या रीतीतून आलेल्या मुलीचे काय होते, हे तिने स्पेनमध्ये काढलेल्या एका संध्याकाळीवरून कळते.

हे शिरपूर धुळे जिल्ह्यातले. जैन वाचकांच्या मनात शिरपूर म्हटले की प्रथम वाशीम जिल्ह्यातील अंतरिक्ष पार्श्वनाथांचे तीर्थ उभे राहते, आणि परगावच्या पाहुण्यांना हा खुलासा शिरपूरकरांना नेहमीच करावा लागतो. धुळ्याहून उत्तरेकडे मुंबई-आग्रा महामार्गाने सुमारे पन्नास किलोमीटर गेले, तापी ओलांडली की हे गाव लागते; अरुणावती गावातून वाहते आणि पुढे सातपुड्याची रांग दिसू लागते. कापूस आणि कडधान्य यांच्या पेठेचे हे गाव गेल्या काही दशकांत शिक्षणाचेही गाव झाले. आर. सी. पटेल यांच्या नावाच्या शिक्षणसंस्था आणि तापीकाठचे नरसी मोनजी विद्यापीठाचे संकुल यांमुळे परप्रांतांतील मुले इथे शिकायला येतात. इथली मुले मात्र त्याच पायरीवरून पुढची उडी घेतात. कडधान्याची आडत असलेल्या एका घरातील मुलगी अशीच उडी घेऊन पदव्युत्तर शिक्षणासाठी स्पेनमधील सालामांका या नगरीत गेली.

निघण्यापूर्वी तिने साध्वीजींकडून चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. परत येईपर्यंत सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. साध्वीजींनी प्रवास आणि आजारपण एवढाच आगार ठेवला. घरातून कोणी आग्रह केला नव्हता; उलट, परमुलखात झेपेल तेवढेच घे, असे वडिलांनी सुचवले होते. परदेशी निघालेल्याने असा नियम घेण्याची परंपरा जुनी आहे. 1888 साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्या मातेचे समाधान करण्यासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंनीच त्यांच्याकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली होती. लंडनमध्ये त्या तरुणाचे सुरुवातीचे महिने अर्धपोटी गेले. फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी भोजनगृह सापडले तेव्हा कुठे त्याला पोटभर जेवण मिळाले. पण त्या प्रतिज्ञेत काय खावे एवढाच प्रश्न होता. केव्हा खावे, हा प्रश्न त्याहून अवघड निघतो.

सालामांका माद्रिदच्या वायव्येस सुमारे दोनशे किलोमीटरवर, तोर्मेस नदीकाठी वसले आहे. येथील विद्यापीठाची स्थापना 1218 सालची. स्पेनमध्ये आजही चालू असलेले सर्वांत जुने विद्यापीठ ते हेच. गावातील जुन्या इमारती जवळच्या विल्यामायोर येथील दगडाच्या आहेत. खाणीतून निघतो तेव्हा हा दगड मऊ आणि फिकट असतो. हवेत राहून त्यातील लोहामुळे तो सोनेरी होत जातो. विद्यापीठाच्या आणि चर्चच्या भिंतींवर तांबड्या अक्षरांत पदवीधरांची नावे व विजयचिन्हे रंगवलेली दिसतात. हा तांबडा रंग पूर्वी बैलाचे रक्त मिसळून करीत, असे तेथील वाटाडे मोठ्या कौतुकाने सांगतात. ते ऐकल्यापासून शिरपूरची मुलगी त्या भिंतींजवळून जाताना नकळत दोन पावले बाजूने चालू लागली.

पहिल्या महिन्यात चौविहाराचा भार तिला जाणवलाच नाही. सप्टेंबरच्या आरंभी तेथे सूर्य मावळला तो रात्री पावणेनऊला! जूनमध्ये तर दहा वाजत आलेले असतात, असे तिला सांगण्यात आले. शिरपुरात भर उन्हाळ्यातही सव्वासातच्या पुढे सूर्य थांबत नाही. या उशिराचे कारण आकाशात थोडे आणि घड्याळात फार आहे. स्पेन हा देश भूगोलाने ग्रीनिचच्या आसपास, बराचसा त्याच्या पश्चिमेस आहे. पण 1940 च्या मार्चमध्ये तेथील राजवटीने घड्याळे एक तास पुढे सरकवून मध्य युरोपशी जुळवली आणि ती पुन्हा मागे घेतलीच नाहीत. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. सालामांकाहून सव्वाशे किलोमीटरच्या आत पोर्तुगालची सीमा आहे. ती ओलांडली की त्याच सूर्याखाली घड्याळ एक तास मागे जाते. आपल्याकडे याच्या उलट अनुभव आसामातील व्यापारी जैन कुटुंबांना येतो. साऱ्या देशाला एकच वेळ असल्याने डिसेंबरात गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तेथील चौविहार चार वाजताच करावा लागतो. सूर्य सगळ्यांचा एक आहे, घड्याळ मात्र ज्या त्या सरकारचे.

खाण्याची अडचण वेगळी होती. तोर्तिया म्हणजे बटाटा व अंडी. कोशिंबीर शाकाहारी म्हणून मागवावी तर तिच्यावर ट्यूना मासा पसरलेला. तेथील पुष्कळ वाढप्यांच्या लेखी मासा हा मांसात मोडत नाही. गास्पाचो या थंड सुपात लसूण. दुकानांच्या छताला डुकराच्या वाळवलेल्या तंगड्या ओळीने टांगलेल्या. त्यांसाठी प्रसिद्ध असलेले गिहुएलो हे गाव याच प्रांतातले. पहिल्याच आठवड्यात तिने ओर्चाता नावाचे थंडगार पांढरे पेय मोठ्या आनंदाने घेतले. चव बदामाच्या दुधासारखी, प्राणिज काही नाही. दोन दिवसांनी कळले की ते ज्या चुफापासून करतात, तो जमिनीखाली वाढणारा छोटा कंद आहे. तिने मनोमन आलोचना केली आणि त्यानंतर कोणतीही नवी वस्तू तोंडात घालण्यापूर्वी ती जमिनीच्या वर येते की खाली, हे विचारायची सवय लावून घेतली. भाजीवाल्या बाईला हा प्रश्न इतका आवडला की ती प्रत्येक भाजीची कुळकथा सांगू लागली.

पण त्याच बाजारात तिला मसूरही सापडला. शहराच्या उत्तरेचा ला आर्मून्या हा सपाट मुलूख मसुरासाठी नावाजलेला. दाणा मोठा, फिकट हिरवट, शिजल्यावरही न फुटणारा. जळगावच्या केळ्यांना आणि भरिताच्या वांग्यांना जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे या मसुराला युरोपचे संरक्षण आहे. दुसऱ्या मुलखाचा माल त्या नावाने विकता येत नाही. तिने पिशवीचे छायाचित्र घरी पाठवले. आजोबांनी दाणा मोठा करून पाहिला, किलोचा भाव विचारला, क्विंटलचा हिशेब करून युरोचे रुपये केले आणि थोडा वेळ गप्प राहून एवढेच म्हणाले, “पॉलिश केलेला नाही. चांगला माल आहे.” त्या दिवसापासून तिच्या डब्यात दुपारी मसूर-भात आणि संध्याकाळी खाखरा-मसूर असा क्रम ठरला.

ऑक्टोबर संपत आला तसे सूर्याचे औदार्यही ओसरू लागले. दर आठवड्याला सूर्यास्त अकरा-बारा मिनिटांनी अलीकडे येत होता. वर्गमित्रांची रात्रीची जेवणे मात्र आपल्या जागी, म्हणजे साडेनऊला, ठाम होती. तेथील बहुतेक भोजनगृहांत साडेआठ-नऊपूर्वी रात्रीच्या जेवणासाठी चूलही पेटत नाही. बोलावणी येत राहिली आणि ती टाळत राहिली. एकदा डोके दुखते म्हणाली, एकदा अभ्यास आहे म्हणाली, एकदा पोट भरले आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलावणे येईनासे झाले. खोलीची खिडकी ज्या गल्लीवर उघडत होती, तीतून रात्री अकरा-साडेअकरापर्यंत हसण्या-बोलण्याचे आवाज येत. परक्या गावातला एकांत शांततेपेक्षा अशा आवाजांत अधिक बोचतो.

एका सकाळी फोनवर तिने हे आजीला सांगितले. नियम सोडावा का, असे तिने विचारले नाही. पण बोलण्याचा रोख तिकडे होता. आजीने सगळे ऐकून घेतले.

“चौविहार तुझा आहे बेटा, ठेवायचा तर ठेव, नाही झेपत तर महाराजसाहेबांना सांगून मोकळी हो. पण डोकं दुखत नसताना दुखतं म्हणून सांगितलंस, ते कशात बसतं?”

“दादी, त्यांना समजणार नाही हो.”

“तू सांगितलंस का त्यांना?”

तिने सांगितले नव्हते. रात्रिभोजनाचा त्याग पाळण्यासाठी ती रोज मृषावादाचा दोष पदरात घेत होती, हे साठ वर्षे चौविहार करणाऱ्या आजीच्या लगेच ध्यानात आले आणि उच्चशिक्षित नातीच्या दीड महिना आले नाही. धर्मपालनात असा अदलाबदलीचा व्यवहार आपल्याकडेही पुष्कळ चालतो. वरचा नियम शाबूत दिसावा म्हणून खालचे व्रत झिजवले जाते, आणि खाते जुळले असे आपण समजतो.

ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवारी सामोरा येथील एका वर्गमैत्रिणीचा वाढदिवस होता. स्पेनमध्ये ज्याचा वाढदिवस, तोच इतरांना जेवू घालतो. तेव्हा तिथे जाऊन न जेवणे म्हणजे यजमानाचा हात मागे सारणेच. शिवाय त्याच रात्री घड्याळे एक तास मागे जायची होती. शनिवारी सूर्य सात वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमारास मावळणार होता, रविवारी साडेसहाच्या आतच.

सहा वाजता सगळे प्लाझा मायोरमधल्या घड्याळाखाली जमले. सालामांकात कोणाला भेटायचे तर ‘घड्याळाखाली’ एवढेच सांगतात. हा चौक 1729 ते 1755 या काळात बांधला गेला. चारही बाजूंना कमानींची ओवरी, वर तीन मजल्यांच्या एकसारख्या खिडक्या, कमानींमध्ये राजे, साहसवीर आणि विद्वान यांचे कोरलेले मुखवटे. दुपारी दोनपासून बंद असलेली लहान दुकाने पाचनंतर पुन्हा उघडली होती आणि साडेआठपर्यंत उघडी राहणार होती. खानदेशातही वैशाखात दुपारी एक ते चार पेठेत माशी उडत नाही. दुपारची झोप घेणाऱ्या दुकानदाराला आळशी म्हणणाऱ्याने आधी दोन्हीकडचे ऊन पाहावे.

या वेळेला सारे गाव रस्त्यावर असते. वृद्ध जोडपी हातात हात घालून, आया बाबागाड्या ढकलीत, आजोबा नातवंडांना घेऊन चौकातून नदीपर्यंत आणि नदीपासून चौकापर्यंत फिरत राहतात. काही विकत घेत नाहीत, कुठे पोहोचायचे नसते. याला ते पासेओ म्हणतात. ओळखीचे भेटले की थांबायचे, चार शब्द बोलायचे, पुढे निघायचे. मुलीला एकदम शिरपूरची आठवण झाली. जेवणानंतर आजोबा दुकानी परततात, ते विक्रीसाठी थोडेच आणि या चार शब्दांसाठीच जास्त.

पासेओच्या मध्यावर मेरिएंदा, म्हणजे संध्याकाळचे खाणे. चुर्रो नावाचे तळलेले लांब काप — मैदा, पाणी, मीठ आणि तेल, याखेरीज त्यात काही नसते — आणि चमचा उभा राहील इतके घट्ट गरम चॉकलेट. पेलेभर पाणी त्याबरोबर न मागता येते. तिने खोलीवर साडेपाचलाच मसूर-भात घेतला होता. तरी चार चुर्रो तिने पोटभर खाल्ले. दीड महिन्यात वर्गमित्रांबरोबर बसून खाल्लेले तिचे हे पहिले खाणे.

सात वाजता सारे तोर्मेसवरच्या रोमन पुलावर होते. या पुलाच्या गावाकडच्या पंधरा कमानी रोमनांच्या, उरलेल्या नंतरच्या. तोर्मेस पुढे डुएरो नदीला मिळते आणि तिचे पाणी पश्चिमेच्या सागरात जाते, तापीही पश्चिमवाहिनीच. नदीपलीकडून पाहिले असता कॅथेड्रलचा दगड मावळत्या उन्हात मधाच्या रंगाचा झाला होता. मुलीने पिशवीतून बाटली काढली, सावकाश पाणी प्यायली, झाकण घट्ट लावले आणि कठड्याशी उभी राहून हात जोडले.

सामोऱ्याच्या मैत्रिणीने विचारले, हे काय? आणि तिने प्रथमच खरे ते सांगितले. चौविहार हा शब्द स्पॅनिशमध्ये कसा आणायचा! सूर्य गेला की काही नाही, पाणीदेखील नाही, उद्या सूर्य येईपर्यंत. अंधारात न दिसणाऱ्या बारीक जीवांची हिंसा टळावी म्हणून. आणि आजवर मी सांगितलेली डोकेदुखी खोटी होती. मोडक्या वाक्यांनी एवढे सांगून होईतो सूर्य गेला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग गटातला मोरोक्कोचा मुलगा हसू लागला. आमच्याकडे रमजानात सूर्य मावळला की खायला सुरुवात, तुमच्याकडे तेव्हा समाप्ती. दोघांनी एकच खोली घेतली असती तर एक ताट पुरले असते, असे तो म्हणाला. यजमानीण मात्र हसली नाही. तिला लागले होते. जेवणाचे नव्हे, दीड महिना न सांगितल्याचे.

रात्री साडेनऊला सगळे जेवायला बसले. तीही बसली. पहिला अर्धा-पाऊण तास कठीण गेला. वाढप्याने तिला तीनदा विचारले. तिसऱ्यांदा यजमानीणच त्याला काही बोलली आणि त्याने पुढ्यातले ताट-काटे उचलून नेले. ताट गेल्यावर जागा उगाच मोठी दिसू लागली. लसणाचा आणि तळलेल्या मासळीचा वास होता. तहानही लागली, चॉकलेट गोड होते, आणि तहान भुकेसारखी फसवता येत नाही. साडेदहाच्या सुमारास एकेकाची ताटे रिकामी झाली आणि उचलली गेली. वाटले, आता उठतील. कोणी उठले नाही. बिलही कोणी मागितले नाही. जेवण संपल्यावर त्याच मेजाभोवती बसून बोलत राहणे यासाठी स्पॅनिश भाषेत सोब्रेमेसा असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तेथील वाढपी त्या वेळेत बिल पुढे करणे हा उद्धटपणा समजतात. आता सगळ्यांच्याच पुढ्यात काही नव्हते. बोलणे कोणाच्या आजीवर गेले, कोणाच्या गावच्या दुष्काळावर, शिरपूर परिसरात नाले खोल करून बंधारे बांधून जिरवलेल्या पाण्यावर. हे शेवटचे सामोऱ्याच्या मुलीला फार बारकाईने ऐकायचे होते. तिच्या घरी हरभऱ्याची कोरडवाहू शेती होती. किती खोल, किती रुंद, खर्च कोणाचा, शेतकरी जमीन देतात का, असे ती विचारत गेली, आणि आडतीवर शेतकऱ्यांचे बोलणे लहानपणापासून कानी पडलेल्या मुलीला पुष्कळ सांगता आले. पावणेबारा वाजले तेव्हा तहान किती वेळ आठवली नव्हती, हे तिच्या लक्षात आले.

निघताना यजमानीण म्हणाली, पुढच्या रविवारी घरी ये, दुपारी दोनला. आई हरभरा शिजवते. त्यात ती सॉसेज घालते, ते घालू नको असे मी सांगेन. कांदा, लसूण, बटाटा यांचेही सांगावे लागेल, असे शिरपूरची मुलगी म्हणाली. मग त्यात राहते काय, असे मैत्रिणीने विचारले. हरभरा, असे उत्तर मिळाले.

पहाटे तीन वाजता स्पेनमधली घड्याळे दोनवर आली. रविवारी सकाळी भारताशी असलेले अंतर साडेतीन तासांचे साडेचार झाले होते, आणि आजीला फोन लागला तेव्हा शिरपुरात दुपारचे जेवणही आवरले होते. पुढे दिवस आणखी लहान होत गेले. डिसेंबरात तर एक चमत्कार झाला: शिरपूरचा सूर्यास्त सहाच्या अलीकडे, सालामांकाचाही सहाच्या अलीकडे, आणि दोन्ही घरी घड्याळात जवळजवळ एकाच आकड्यावर पच्चक्खाण होऊ लागले. सकाळ मात्र उशिराची. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवायचा आणि नवकारसीला साडेनऊ व्हायचे, तेव्हा पहिला तास उपाशीच जायचा. संध्याकाळचा वर्ग साडेपाचला सुटे. खोली गाठायला पंचवीस मिनिटे लागत. म्हणून ती डबा बरोबर आणू लागली आणि विद्यापीठाच्या दगडी जिन्यावर पश्चिमेकडे तोंड करून जेवू लागली. पहिल्या दिवशी एकटी होती. नंतर कोणी ना कोणी कॉफीचा पेला घेऊन शेजारी येऊन बसे, आणि डब्यातला मसूर चमचाभर चाखून पाहत असे.